लुकलुकणारा दिवा आणि मालवाहू पिकअप

नारायणगावाहून टोमॅटो भरून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअपला पहाटेपूर्वी पोहोचावेच लागते. गाडी घाटात अडली तर भाडे बुडते आणि मालाचा भावही उतरतो. कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेस येतोच. म्हणून डॅशबोर्डवरील एखादा दिवा क्षणभर लागून विझला, की मालकास दोन मोह होतात. एक, दुर्लक्ष करण्याचा. दुसरा, गॅरेज गाठून भराभर सुटे भाग बदलून घेण्याचा. दोन्ही महाग पडतात.

अधूनमधून लागणाऱ्या दिव्याची अडचण अशी, की मिस्त्री तपासावयास बसला की दोष नेमका दडी मारतो. त्यामुळे पहिले काम पान्याचे नसून वहीचे आहे. दिवा कोणता, इंजिन थंड होते की गरम, गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता की वळण, पाऊस होता काय, हेडलाइट चालू होते काय, एवढे ट्रिपच्या वहीत नोंदवावे. चार-पाच नोंदींतच बहुधा काही संगती दिसू लागते.

लाल दिव्यांना मात्र ही सवलत नाही. इंजिन ऑइलचा लाल दिवा वळणावर किंवा ब्रेक लावताना लुकलुकला, तर तळाशी ऑइल कमी असून ते एका बाजूस सरकत असल्याचा संभव मोठा. गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन तत्काळ बंद करावे आणि काही मिनिटांनी पट्टीवर पातळी पाहावी. पातळी ठीक असूनही गरम इंजिन मंद फिरत असताना दिवा लागत असेल, तर सेन्सरला दोष देण्यापूर्वी गेज जोडून प्रत्यक्ष दाब मोजून घ्यावा. सेन्सर काही शे रुपयांचा, तर इंजिनचे काम हजारोंचे.

उतारावर लागणारा ब्रेकचा दिवा बहुधा ब्रेक ऑइल कमी झाल्याचे सांगतो. येथे केवळ ऑइल ओतून दिवा विझवणे धोक्याचे. लायनर आणि पॅड झिजले की पातळी आपोआप खाली जाते. अथवा कोठेतरी गळती असते. अर्थात, हॅन्डब्रेक पुरता खाली न आल्यानेही हाच दिवा लागतो. ते आधी पाहावे.

एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार दिवे एकदम लुकलुकू लागले, तर तितके भाग एकाच वेळी बिघडले असे समजण्याचे कारण नाही. अशा वेळी संशय विजेच्या वाटेवर घ्यावा. बॅटरीचे टर्मिनल सैल आहे काय, त्यावर पांढरट-हिरवट थर साचला आहे काय, इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे काय, हे प्रथम पाहावे. साधा मल्टिमीटर येथे फार उपयोगी पडतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ असावा. त्यानंतर हेडलाइट लावून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूस लावावी. दोहोंत ०.२ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंग साफ करून पुन्हा घट्ट बसवावे.

पिकअपच्या वायरिंगला हादरे, चिखल आणि रोजची धुलाई यांचा मार असतो. चासीच्या कडेला घासणारी तार, पाणी शिरलेला कपलर, आणि म्युझिक सिस्टिमसाठी पीळ मारून जोडलेल्या तारा ही नेहमीची ठिकाणे. इंजिन चालू ठेवून, पंखा व बेल्टपासून हात दूर राखीत, एकेक जोड हळूच हलवावा. ज्या जोडावर दिवा लुकलुकेल, तेथेच दोष.

पिवळ्या इंजिन-दिव्याची गोष्ट निराळी. दिवा विझला तरी दोषाचा संकेतांक गाडीच्या संगणकात बहुधा काही काळ टिकून राहतो. तो स्कॅनरने वाचून लिहून घेण्यापूर्वीच बॅटरीची तार काढली, तर पुष्कळ गाड्यांत हा पुरावा पुसला जातो. संकेतांक हा केवळ दिशा दाखवतो. त्यात ज्या सेन्सरचे नाव येते, तो बदलण्याआधी त्याची तार व कपलर तपासावा. डिझेलमधील पाण्याचा दिवा चढावर लागत असेल, तर फिल्टरच्या तळाचे पाणी काढून टाकणे एवढेच काम असू शकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक डिझेल गाड्यांत काजळीच्या फिल्टरचाही दिवा असतो. बाजारातल्या छोट्या फेऱ्यांमुळे काजळी जळून जाण्यास वेळ मिळत नाही; तो लागल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काही काळ सलग व स्थिर वेगाने गाडी चालवावी.

जुनी पिकअप घेताना एक पाहणी अवश्य करावी. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, ऑइल, बॅटरी आणि इंजिनचे दिवे लागले पाहिजेत व इंजिन सुरू होताच विझले पाहिजेत. जो दिवा मुळीच लागत नाही, त्याचा बल्ब गेला असेल किंवा कोणी मुद्दाम काढला असेल. व्यवहार ठरण्यापूर्वी त्याचा खुलासा विक्रेत्याकडून करून घ्यावा.