तांदळाचा कोंडा, भाताची पेज आणि पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें

शेतकऱ्याचें कोठार भरलेलें असलें म्हणजे घरच्या अन्नाची चिंता मिटली, असें आपण समजतों. पोट भरण्यापुरतें तें खरेंही आहे. परंतु धान कोठारांतून निघून ताटांत येईपर्यंत त्यांतील कोणता अंश गिरणींत राहिला व कोणता चुलीजवळ ओतून दिला, ह्याचा हिशेब फारसा कोणी ठेवीत नाहीं. माझी हयात महसुली तक्ते भरण्यांत गेली. त्या तक्त्यांत धान किती आणे पिकलें ह्यास रकाना होता. पिकल्यावर त्याचें काय झालें ह्यास नव्हता. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भात खाणाऱ्या मुलखांत तो रकाना प्रत्येक घरीं असावा असें मला वाटतें.

जीवनसत्त्वाची गरज शरीरास अत्यल्प असते, पण तें नसलें तर बाकीचें अन्न अंगीं लागत नाहीं. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि शरीर तीं सांठवून ठेवतें. ब गटांतील आठ आणि क हीं पाण्यांत विरघळतात. पहिलीं कोठारांतल्या धान्यासारखीं, दुसरीं रोजमजुरीसारखीं: आज मिळालीं तीं आज खर्चीं पडतात, आणि जास्त झालेलीं लघवीवाटें निघून जातात. ब गटाच्या गोळ्या घेणाऱ्याची लघवी पिवळीधमक होते ती ब२ मुळें. अपवाद एका ब१२ चा. तें यकृतांत कित्येक वर्षें पुरेल इतकें सांठतें.

ह्यांपैकीं भातवाल्यांनीं आधीं ओळखावें तें ब१. पिष्टमय अन्नाचें शक्तींत रूपांतर करण्यास तें लागतें. म्हणून भात जितका जास्त, तितकी त्याची गरज जास्त. तें दाण्याच्या अंकुरांत व वरच्या तांबूस सालींत असतें, आणि गिरणी नेमकें तेंच खरडून काढते. तें कमी पडलें कीं हातापायांस मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात, पाय लटके पडतात, अंगावर सूज येते व हृदय थकतें. ह्या रोगास बेरीबेरी म्हणतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधांत ब१ नसलें, तर दोनतीन महिन्यांचें धष्टपुष्ट दिसणारें मूल आवाज बसून कांहीं तासांत दगावूं शकतें. जावा बेटांत आइकमान नांवाच्या डच डॉक्टरास शुभ्र तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय असेच लुळे पडलेले आढळले, आणि कोंडा खाऊं घालतांच त्या चालूं लागल्या. त्या शोधाबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

हें सर्व दूरदेशचें आहे असें समजूं नये. बल्लारपुरापाशीं वाहणारी वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. त्याच गोदावरीच्या मुखाकडील आंध्र किनाऱ्यावर, गिरणीचा साधा तांदूळ खाणाऱ्या जिल्ह्यांत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बेरीबेरी ठाण मांडून होती. खालीं तामिळ मुलखांतही लोक भातच खात, पण तेथें ती क्वचित् दिसे. कारण तेथील तांदूळ उकडा असे. धान सालीसकट भिजवून वाफवलें म्हणजे सालींतील ब१ पाण्याबरोबर दाण्याच्या आंत शिरतें, व मग गिरणीनें साल काढली तरी पुष्कळसें आंत राहतें. आपल्याकडे ह्यासच उसना तांदूळ म्हणतात, आणि त्याचा रंग व वास आवडत नाहीं म्हणून पाहुण्यांपुढें तो वाढण्यास आपण लाजतों.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत ह्याचे आंकडे आहेत. १०० ग्रॅम तांदळांत ब१ पुढीलप्रमाणें: हातानें कांडलेला साधा तांदूळ ०.२१ मिलिग्रॅम, गिरणीचा साधा ०.०६, गिरणीचाच पण उकडा ०.२१. कष्टकरी पुरुषास दिवसास सुमारें दीड ते दोन मिलिग्रॅम लागतें. अर्धा किलो पांढऱ्या तांदळांतून त्यास ०.३० मिळेल, उकड्यांतून १.०५. डाळ, भाजी व शेंगदाणे ताटांत असणाऱ्या मालकाची उणीव त्यांतून भरून निघेल. परंतु ज्या सालगड्यास किंवा रोवणीच्या बाईस आपण मजुरींत तोच पांढरा तांदूळ मोजून देतों, तिच्या ताटांत दुसरें काय असतें?

उरलेली गळती चुलीजवळ होते. पांढरा तांदूळ तीनचार पाण्यांनीं चोळून धुतला कीं उरलेसुरलें ब१ धुवणांत जातें. पेज ओतून दिली कीं आणखी जातें. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालतात, त्यानें तर ब१ जागींच नष्ट होतें. पाणी बेताचें घालून तें भातांतच मुरवावें. पेज निघालीच तर मीठ टाकून प्यावी.

फोलिक आम्ल हें ब गटांतलेंच. नवें रक्त बनण्यास तें लागतें. त्याचा माग मुंबईंतच लागला. ल्यूसी विल्स ह्या विदुषी १९२८ सालीं तेथें आल्या. कापडगिरण्यांतील गरोदर कामकरणींस जडणाऱ्या एका पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला, व यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो हें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९४१ सालीं तें द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. हिरव्या पालेभाज्या व डाळी हीं त्याचीं घरचीं साधनें होत. पावसाळ्यांत फुकट मिळणारा तरोटा गरिबाची भाजी म्हणून हिणवूं नये. भाजी आधीं धुवावी, मग चिरावी. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रोगी पुष्कळ; त्यांचें रक्त लवकर मोडतें, म्हणून डॉक्टर त्यांस फोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. त्या मध्येंच बंद करूं नयेत.

राजुरा-वरोऱ्याकडील ज्वारी खाणारांनींही निर्धास्त राहूं नये. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे: उन्हांत राहणारी कातडी काळी पडून सोलते, हगवण लागते, बुद्धि भ्रमते. हा ब३ च्या उणिवेचा रोग. गोपालन व श्रीकांतिया ह्यांनीं १९६० सालीं ह्याचा संबंध ज्वारींतील ल्यूसीन ह्या द्रव्याच्या अधिकतेशीं जोडला. भाकरीबरोबर डाळ व शेंगदाणे असले म्हणजे भय नाहीं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यांत. तोंडाचे कोपरे चिरणें ही बहुधा ब२ ची उणीव. दूध व पालेभाजी घ्यावी. ब१२ वनस्पतींत मिळत नाहीं. मांसमासे न खाणारांनीं दूधदहीं सोडूं नये, आणि खाणारांस मालगुजारी तलावांतली मासळी आहेच. क नसलें तर हिरड्यांतून रक्त येतें. एका मध्यम आवळ्यानें प्रौढाची दिवसाची गरज बहुतेक भागते.

१५ ऑगस्ट २०२१ रोजीं सरकारी योजनांच्या तांदळांत पोषकद्रव्यें मिसळण्याची घोषणा झाली. लोह, फोलिक आम्ल व ब१२ हीं त्यांत घालण्याचें ठरलें. ते दाणे प्लास्टिकचे समजून निवडून फेकणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. ते तांदळाच्याच पिठाचे बनवलेले असतात. पण त्या सक्तीच्या यादींत ब१ नव्हतें. गिरणीनें काढलेलें दुकानदार परत देईल अशी आशा करूं नये.

कोंडा राखलेला तांदूळ फार दिवस टिकत नाहीं. कोंड्यांतील तेल खवट होतें व कीड लागते. म्हणून वर्षाचा तांदूळ एकदम काढूं नये. धान कोठारांत ठेवावें, पंधरा दिवसांपुरतें काढावें, व हलरवाल्यास पालिश न करितां, फार न घासतां देण्यास सांगावें. मोबदल्यांत कोंडा ठेवून घेण्याची जेथें रीत आहे, तेथें त्यास हें रुचणार नाहीं. तेव्हां मजुरी आधींच रोख ठरवावी.