मिशनकार्यातील आनंद
(बायबल वाचन : लूक १०:१७-२०)



मिशन रविवार आला की आपण मिशनऱ्यांसाठी प्रार्थना करतो, यथाशक्ती दान देतो. दूरदेशी सेवेला गेलेली माणसे नेहमी हसतमुख असतात, असे चित्र आपल्या मनात असते. पण परक्या देशातील दिवस सोपे नसतात. भाषा कळत नाही, जेवण रुचत नाही, घरची आठवण येते. ज्या कामासाठी आलो तेच आपल्या हातून होत नाही, असे वाटून मन खचते. मग मिशनकार्यातील आनंद म्हणतात तो कोणता?

वरील उताऱ्यात प्रभूने पाठवलेले बहात्तर शिष्य आनंदाने परत येतात. भुतेसुद्धा आपल्याला वश होतात, याचे त्यांना अप्रूप वाटते. प्रभू येशू त्यांच्या आनंदावर विरजण घालत नाही. मात्र त्या आनंदाचा पाया बदलतो. भुते वश झाली म्हणून नव्हे, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून आनंद करा, असे तो सांगतो. यशावर उभारलेला आनंद अपयश येताच कोसळतो. आपण देवाचे आहोत, हा आनंद मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनात हे स्पष्ट दिसते. गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन आपल्यापैकी अनेकांनी घेतले आहे. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले आणि १५४६ साली आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांकडे गेले. तेथील मोरो बेटांवर जाऊ नये म्हणून मित्रांनी त्यांना परोपरीने विनवले. तेथे अन्नात विष घालून माणसे मारतात, असे सांगितले जाई. मित्रांनी विषावरचे उतारे देऊ केले; तेही त्यांनी घेतले नाहीत. त्या बेटांवर भूकंप होत, ज्वालामुखी धगधगत असे, पुष्कळ ठिकाणी प्यायला चांगले पाणी नव्हते. तेथे ते सुमारे तीन महिने राहिले.

पुढे जानेवारी १५४८ मध्ये कोचीनहून रोममधील आपल्या बांधवांना त्यांनी पत्र लिहिले. त्या बेटांवर लाभले तसे अखंड आध्यात्मिक समाधान आपल्याला दुसरीकडे कोठे लाभल्याचे आठवत नाही, असे त्यात त्यांनी कळवले. त्या बेटांना देवावरील आशेची बेटे म्हणावे, असेही त्यांनी सुचवले. मानवी आधार सुटत गेले, तसा देवाचा आधार त्यांना अधिक जाणवला.

याचा अर्थ त्यांना एकटेपणा जाणवत नव्हता असा नाही. सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या हस्ताक्षरातील नावे कापून ती ते सतत जवळ बाळगत. म्हणजे आनंदी मिशनरी आठवणींना दूर लोटत नाही. त्या आठवणींची तो प्रार्थना करतो. तसेच त्यांनी मलय भाषेत प्रार्थना तयार केल्या. तर्नाते येथे मुले रस्त्यांवर, बाया घरांत, मजूर शेतांत आणि कोळी समुद्रावर श्रद्धेची शिकवण गाऊ लागले, हे त्यांनी मोठ्या समाधानाने लिहिले आहे. लोकांची भाषा शिकण्यासाठी आपण लहान झालो, की त्यांच्या आनंदात आपल्यालाही वाटा मिळतो.

मग जे गावीच राहतात त्यांचे काय? १९२७ साली ख्रिस्तसभेने संत फ्रान्सिस यांच्याबरोबर बाळ येशूची संत तेरेजा हिलाही मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. ती कधीच मिशन देशात गेली नाही. फ्रान्समधील लिझ्यू येथील मठात राहून तिने दोन मिशनऱ्यांना पत्रे लिहिली, आपली प्रार्थना व दुखणे त्यांच्यासाठी अर्पण केले आणि १८९७ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती देवाघरी गेली. आपल्या ओळखीतले कोणी धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा तरुण परदेशी सेवा करीत असतील, तर त्यांना आपल्या दोन ओळींचाही मोठा आधार होईल.

या आठवड्यात कुटुंबात मनन करू या :
१. माझा आनंद यशावर अवलंबून आहे की देवावर?
२. सेवेला जाताना कोणता आधार सोडायला मला जड जाते?
३. दूर असलेल्या कोणत्या सेवकाचे नाव घेऊन मी रोज प्रार्थना करीन?