स्तनाचा कर्करोग आणि आजारी बाईचे मन

आजचा विषय कीर्तनाच्या चौकटीत बसणारा नव्हे, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणींचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. सप्ताहाच्या निमित्ताने तेथे आमचे जाणे होते. कीर्तन आटोपल्यावर मायबहिणी पाया पडावयास येतात, आणि त्यांतली एखादी हळूच विचारते, "छातीत गाठ निघाली जी महाराज, म्या असं कोनतं पाप केलं?" गाठ डॉक्टरांनी पाहावयाची, पण प्रश्न आमच्याकडे आला आहे, तेव्हा उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

उत्तर असे की, पापाचा हिशेब रोगावरून मांडू नये. गीतेने कर्माची गती गहन म्हटली आहे. मग दुसऱ्याची खातेवही उघडणारे आपण कोण? श्रीरामकृष्ण परमहंस १८८६ साली घशाच्या कर्करोगाने गेले. रमण महर्षींच्या दंडावर अर्बुद झाले आणि १९५० साली त्यांनी देह ठेवला. आपल्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली याच व्याधीने गेले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे. यांची पापे कोणी मोजली काय? मग राजूरच्या मोलकरणीचीच का मोजता? जे कीर्तनकार रंगात येऊन असले दाखले देतात, त्यांनी समोरच्या बायकांत कोण बसली आहे याचा विचार करावा.

या पापाच्या धाकाने आणि लाजेने बाई गाठ लपवते. दुखत नाही म्हणून राहू देते, नवऱ्यालाही सांगत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या बायकांनीच दर दोन वर्षांनी हाताने केली. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, सुई नाही. नुसता जाणता हात. पण तो लागू द्यावयास लाज सोडावी लागते.

आता मनाचे पाहू. चरकाने रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे. हे वचन आम्ही पाठशाळेत घोकले. पण लोक त्याचा उलटा उपयोग करतात. "रडू नकोस, रडलीस तर वाढेल," असे बाईलाच दटावतात. म्हणजे रोग तिचा आणि दोषही तिचाच! आमच्या मते ते वचन वैद्याला आणि घरच्यांना उद्देशून घ्यावे. अमेरिकेत १९८९ साली डॉ. स्पीगल यांनी मांडले होते की, रोग पसरलेल्या बायका एकत्र बसून मनीचे बोलल्या, तर आयुष्य वाढते. पुढे कॅनडात २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला. २००१ साली निष्कर्ष आला: आयुष्य वाढले नाही, पण मनाचा ताप आणि वेदना कमी झाल्या. आम्हांस हे फार मोलाचे वाटते. नाम घ्यावे, मंडळीत बसावे, त्याने दुःख हलके होते. पण नामाच्या भरवशावर औषध सोडू नये. आणि कोणी रडली, देवाशी भांडली, तर श्रद्धा कमी पडली असे समजू नये. जनाबाईने विठ्ठलाला काय कमी शिव्या दिल्या?

उपचारात बाईला सर्वांत झोंबते ते काय, हे पुरुषांना उमगत नाही. मरणाच्या भयाआधी केस येतात, बरं का. केमोथेरपीने केस जातात, आणि आमच्या वयाच्या बायकांनी विधवांचे केशवपन डोळ्यांनी पाहिलेले असते किंवा आजीकडून ऐकलेले असते. कुंकू असून डोके बोडके, हे दुःख त्या कोणाला सांगणार? हे केस बहुधा परत येतात, उपचार संपल्यावर काही महिन्यांत. हे आधीच सांगून ठेवावे. स्तन काढावा लागला, तर आरशासमोर जाणे नको होते, नवऱ्यासमोर अंग चोरले जाते. नाशिकच्या काही बायका मऊ सुती दोऱ्याचे स्तन विणून अशा भगिनींना फुकट देतात; पोलक्यात घातले की पदर सरळ बसतो. ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांनी बोलू नये.

शेकासाठी, म्हणजे किरणोपचारासाठी, कित्येक आठवडे नागपुरास राहावे लागते. तेथे बाई पडल्या पडल्या घरच्या भाकरीची काळजी करते. नवऱ्याने "चूल आम्ही पाहतो" एवढे सांगून ती खरोखर पाहावी. तिचे ताट-तांब्या वेगळा काढू नये. हा रोग शिवल्याने, उष्ट्याने लागत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे. वणीच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

राहिली वारी. केमोथेरपी चालू असताना अंगाची प्रतिकारशक्ती उतरते, तेव्हा आषाढीच्या गर्दीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. काखेतल्या गाठी काढल्या असल्या तर हात आखडतो, सुजतो. भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम सांगतात, तो रोज करावा. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणारीला आधी हेच विचारायचे असते, की हात पुन्हा वर जाईल का. पुष्कळींचा जातो. तोवर दिंडीतल्या दुसऱ्या बाईने वृंदावन घ्यावे, आणि हिला आपल्या शेजारीच चालवावे.