खेळावरचा आकडा आणि घरचा दारवान

सिनेमागृहाच्या दारात एक माणूस उभा असतो. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट असला की तो शाळकरी मुलाला आत सोडत नाही. ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. मोबाईलवरील खेळांनाही असाच वयाचा आकडा असतो, हे मात्र पुष्कळ पालकांच्या ध्यानात येत नाही. प्ले स्टोअरमध्ये खेळाच्या नावाजवळ ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असे लिहिलेले असते. तेथे दारवान मात्र कोणी नाही.

या आकड्याचा अर्थही उलटा लावला जातो. “फादर, आमचा बारा वर्षांचा आहे, पण डोकं असं चालतं की मोठ्यांचे खेळ त्याला सहज जमतात,” असे कौतुकाने सांगणारे पालक आम्हांला भेटतात. १८+ म्हणजे खेळ अवघड आहे असे नव्हे. बुद्धिबळ पुरते अवघड आहे, आणि ते लहान मुलालाही बिनदिक्कत द्यावे. हा आकडा खेळात काय दाखवले आहे ते सांगतो: रक्तपात, शिवीगाळ, नशा, लैंगिक दृश्ये, जुगार. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेतील पाचव्या खेळाला युरोपात १८ चा शिक्का आहे, तो याच कारणांसाठी.

ही पद्धत आली अमेरिकेतून. १९९३ मध्ये तेथील संसदेत ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या खेळांतील क्रौर्यावर सुनावणी झाली, आणि सरकारी कायद्याच्या धाकाने खेळ बनवणाऱ्यांनीच १९९४ साली स्वतःचे प्रमाणन मंडळ उभारले. युरोपची व्यवस्था २००३ ची. आपल्याकडे चित्रपटांसाठी सेन्सॉर बोर्ड आहे. ते व्हिडिओ गेम तपासत नाही. आपल्या फोनवर दिसणारा आकडा, खेळ बनवणाऱ्याने भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो.

बंदी आली की प्रश्न सुटेल, अशी पुष्कळांना आशा असते. २०१९ च्या आरंभी अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की पबजी हा खेळ हिंसा शिकवतो, त्यावर बंदी घाला. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी तर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी बंद केला खरा, पण देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती ही कारणे देऊन. मुलांच्या वयाचा त्यात संबंध नव्हता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी त्यात पालकांची संमती आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. तीन तास! आम्हांला ही मर्यादा कमी वाटत नाही.

आणि संमती देतो कोण? शिक्रापूरच्या घरांत काय होते ते आपण जाणताच. वडील रांजणगावला किंवा सणसवाडीला पाळीवर, आईही कामावर. मुलाच्या हाती वडिलांचा जुना फोन, आणि त्यातले खाते वडिलांच्याच नावाचे, वडिलांच्याच जन्मतारखेचे. म्हणजे फोनच्या लेखी तो पाचवीतला मुलगा चाळीस वर्षांचा कुटुंबवत्सल गृहस्थ आहे! संमतीचे बटणही तोच दाबतो. मग आकडा १६ असो की १८, अडवणार कोणाला?

मुलांनी कोणत्या गोष्टी ऐकाव्यात हा प्रश्न प्लेटोने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी आपल्या ‘रिपब्लिक’मध्ये मांडला होता. कोवळ्या मनावर उमटलेला ठसा पुसणे कठीण, हे त्याने अचूक ओळखले. पण निवड करण्याचे काम त्याने राज्यकर्त्यांवर सोपवले, आणि येथे आमचे त्याच्याशी जमत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावरील घोषणापत्रात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात व्हिडिओ गेमचा नाव घेऊन उल्लेख केला होता. करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या गोष्टी लहानांसमोर ठेवणे त्यांनी विकृती मानले. आणि त्याच संदेशात मुलांना सुंदर व चांगले ते दाखवण्याचा आग्रहही धरला. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. फोन हिसकावून घेतला आणि बदल्यात काहीच दिले नाही, तर मुलगा शेजारच्या खोलीतला फोन शोधतो.

म्हणून पहिले काम साधे आहे. एका संध्याकाळी मुलाशेजारी बसा आणि तो खेळतो तो खेळ त्याच्याकडून शिकून घ्या. तुम्ही हराल, तो हसेल, हसू द्या. अर्ध्या तासात तुम्हांला त्या आकड्यापेक्षा जास्त कळेल. विशेषतः कानाला लावलेल्या हेडफोनमधून कोण बोलते आहे ते विचारा. अनोळखी माणसांशी होणारे हे बोलणे वयाच्या आकड्यात मोजलेले नसते. फोनला बँकेचे खाते जोडलेले असेल तर तेही पाहा, कारण खेळातल्या बंदुका आणि पोशाख खऱ्या रुपयांनी विकले जातात.

दुसरे काम दोन मिनिटांचे. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये ‘फॅमिली’ आणि त्यात ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ सुरू करा. तेथे एक पिन ठेवून वयाची मर्यादा निवडता येते. पिन म्हणून मुलाची जन्मतारीख ठेवू नका. ती त्याला पाठ असते. आधीच उतरवून घेतलेले खेळ यामुळे जात नाहीत, ते हाताने काढावे लागतात, आणि ते मुलाला सांगून, कारण समजावून काढावेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी हुकमाने बोलून भागत नाही, त्याच्याशी वाद घालण्याची तयारी ठेवावी लागते.

ज्यांना हे सेटिंग जमत नसेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर फोन घेऊन कार्यालयात यावे. आपल्या युवक गटातील मुले मदत करतील. पिन मात्र त्यांच्यादेखत टाकू नये.