ऋण, पाप आणि क्षमा : ख्रिस्ती जीवनातील एक विचार

— कु. विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए., रा. कामथडी, ता. भोर

आमच्या घरात 'पाप' हा शब्द रोज कानांवर पडतो. अन्नाला पाय लागला की पाप, मांजर मारली की पाप, दारी आलेला उपाशी गेला की पाप. वडील माळकरी आहेत, आई अक्षरशत्रू आहे. परंतु कशाने पाप लागते याची तिची यादी तोंडपाठ आहे. लागलेले पाप फिटते कसे, हे मात्र मी लहानपणी विचारले तर ती म्हणे, "देव बघून घेईल." त्या वेळी मला ते पुरत असे. पुढे पुरेनासे झाले, त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

ख्रिस्ती धर्माचा विचार करण्यास मी का प्रवृत्त झाले, असे काही मैत्रिणींनी विचारले. वास्तविक हा विषय आमच्या तालुक्याला परका नाही. कामथडीजवळच्या नसरापूरला, भोर संस्थानाच्या काळात, 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' या संस्थेचे कार्य चालत असे. चार्ल्स रीव्ह या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गृहस्थांनी ती संस्था १८९३ साली स्थापन केली. लहानपणी बनेश्वरला जाताना या गोष्टींची मला सुतराम कल्पना नव्हती. महाविद्यालयात आल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली, त्यातून पंडिता रमाबाईंकडे वळले आणि त्यांच्यामुळे ग्रंथालयातील मराठी 'नवा करार' घरी नेला. वडिलांनी पुस्तक पाहून एवढेच विचारले, "परीक्षेला आहे का?" मी 'हो' म्हटले. (हे खोटे होते, हे येथे नमूद करते.)

प्रथम शब्दाचा विचार करू. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी जो मुख्य शब्द येतो त्याचा मूळ अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. बाण सोडला आणि तो खुणेवर न लागता भलतीकडे गेला, असा. म्हणजे पाप ही बाहेरून अंगाला चिकटणारी वस्तू नव्हे. ज्या दिशेने जायला हवे होते ती सोडून माणूस दुसरीकडे गेला, ही ती कल्पना. 'पाप लागते' या आपल्या बोलण्यातील 'लागणे' तेथे नाही.

दुसरी कल्पना मला याहून जवळची वाटली. येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तय आणि लूक या दोघांनी दिली आहे. क्षमेच्या मागणीत लूक 'पापे' हा शब्द वापरतो, तर मत्तय 'ऋणे' असा वापरतो. याचे कारण असे सांगतात की येशूची बोली अरामी होती आणि तीत ऋण व पाप या दोहोंसाठी एकच शब्द चालत असे. पाप म्हणजे देणे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला यावर टीप लागत नाही.

देणे म्हणजे काय हे पुणे जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. सोन्यानाण्यापेक्षा लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ज्या कागदावर आपला अंगठा आहे आणि ज्यात काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, तो कागद जाळणे हाच त्या उठावाचा गाभा होता. हे दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला. इतिहासाच्या तासाला हे ऐकत असताना माझ्या मनात दुसरीच गोष्ट आली. पौलाने कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात क्षमेचे चित्र असेच, ऋणाच्या दस्तऐवजाचे काढले आहे; फरक इतकाच की तेथे रोखा नाहीसा करणारा कुळांचा जमाव नसून स्वतः धनकोच आहे. तो दस्तऐवज त्याने वधस्तंभाला खिळून टाकला, असे पौल म्हणतो. ज्याचे येणे आहे त्याने आपल्या हाताने सोडून देणे, याला ख्रिस्ती धर्मात क्षमा म्हणतात. मग ते देणे गेले कोठे? ते सोडणाऱ्याने सोसले. वधस्तंभाचा अर्थ ख्रिस्ती लोक काय लावतात हे मला तोवर कळत नव्हते. या एका उपमेने थोडे कळले.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. एका चाकराने राजाला दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मी वहीत हिशेब मांडला : सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तरी दोन लाख वर्षे. राजाने ते सगळे सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनार, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी, देणे लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर दीनार ही रक्कम काही क्षुल्लक नाही, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्याने आपले केलेले नुकसान खोटे आहे किंवा किरकोळ आहे असे येशू म्हणत नाही. त्याने केवळ दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले.

आता आपल्याकडील 'प्रायश्चित्त' या शब्दाशी याची तुलना करावीशी वाटते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) यांनी पुढे उपस्थितांची नावे जाहीर केली आणि पुण्यात एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळकांनी प्रायश्चित्त घेतले, न्यायमूर्ती रानडे यांनीही १८९२ साली घेतले. एका पेल्याभर चहासाठी एवढे! आज हसू येते. परंतु हसून सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण तेथे प्रश्न होता तो समाजात परत घेण्याचा. प्रायश्चित्ताने माणूस पंक्तीत परत बसतो. मात्र त्या सबंध प्रकरणात कोणाचे नुकसान झाले होते? कोणाचेच नाही. आणि ज्यांचे नुकसान खरोखर रोज होत होते, त्या पंक्तीबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी प्रायश्चित्त घ्यावे, असे त्या वादात कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा विषय पुस्तकातून उठून जगण्यात येतो. त्या १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर लहानपणापासून तीर्थयात्रा, उपास, दानधर्म. पुण्य जोडण्याचे शक्य ते सर्व मार्ग या कुटुंबाने चोखाळले आणि शेवटी दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. बहुतेक चरित्रांत येथे 'धर्मांतर' असे लिहून प्रकरण संपते. परंतु रमाबाईंनी स्वतः १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत वेगळेच सांगितले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांचा आशय आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले की क्षमा ही मिळविण्याची वस्तू नसून घेण्याची आहे. एवढी विदुषी, संस्कृत मुखोद्गत, कोलकात्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिलेली; तिला ही साधी गोष्ट कळायला आठ वर्षे लागावीत! मला तर यात दिलासाच वाटतो. पुण्य जोडण्याची सवय धर्म बदलल्याने जात नाही. ती नव्या देवळातही आपल्याबरोबर येते.

यानंतरचे रमाबाईंचे कार्य सर्वश्रुत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. त्यातच 'कृपासदन' नावाचा विभाग होता. समाजाने ज्यांना पतित ठरविले अशा स्त्रिया तेथे येत. पापी कोण, हा प्रश्न येथे उलटा होऊन उभा राहतो. ज्यांनी त्यांना फसविले ते आपापल्या घरी अब्रूने नांदत होते. 'पाप' मात्र बाईच्या पदरी. कृपासदनातील कामाने या बायकांना 'तुझे पाप धुतले गेले' एवढेच सांगितले नाही; निवारा दिला, हाताला काम दिले. १९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी लाट आली आणि शेकडो मुलींनी रडून आपले दोष उघडपणे कबूल केले, अशी हकीकत आहे. सामुदायिक रडण्याविषयी मला थोडी शंका वाटते, हे प्रांजळपणे सांगते. आमच्याकडे अंगात येते तेव्हाही शेजारची बाई घुमू लागते. परंतु दोष मोठ्याने बोलून दाखविण्यात काहीतरी बळ असावे, एवढे मान्य केले पाहिजे.

हे बोलून दाखविणे रोमन कॅथॉलिक पंथात नियमानेच असते. गोव्यात त्याला 'कुमसार' म्हणतात. धर्मगुरूपुढे पाप कबूल करावयाचे आणि त्यानेही ते प्राण गेला तरी कोणास सांगावयाचे नाही. प्रॉटेस्टंट मंडळी मध्यस्थ न मानता थेट देवाजवळ कबुली देतात. पंथभेदात मी शिरत नाही. माझी अडचण वेगळी होती. देवाने क्षमा केली, ठीक. परंतु ज्याचे नुकसान झाले त्या माणसाचे काय? तो तर तसाच राहिला! या शंकेचे उत्तर मला दोन ठिकाणी मिळाले. येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो की वेदीवर दान अर्पण करताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. दुसरे उदाहरण जक्कयाचे. हा जकातदारांचा मुख्य. ठेंगणा म्हणून येशूला पाहायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. जक्कयाने आधी परतफेड करावी मग मी येतो, असे येशू म्हणाला नाही. आधी तो घरी गेला आणि मग जक्कय आपण होऊन म्हणाला की ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देईन. क्षमा आधी, परतफेड नंतर. पण परतफेड सुटली नाही.

लक्ष्मीबाईंबद्दल थोडेच लिहिते, कारण 'स्मृतिचित्रे' सर्वांनी मुळातूनच वाचावीत. १८९५ साली ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पुढची काही वर्षे त्यांनी काय सोसले ते त्यांनीच सांगितले आहे. नंतर त्या टिळकांकडे गेल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. त्या पुस्तकात टिळकांचे एकही वेडेपण झाकलेले नाही, स्वतःचेही नाही आणि तरीही कोठे कडवटपणाचा डाग नाही. माफ केले म्हणजे विसरले, असे आपण समजतो. लक्ष्मीबाई काहीच विसरलेल्या नाहीत.

आता माझे. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी एका किराणा दुकानात उधारीची वही लिहावयास बसत असे. मिळालेल्या पैशांतून महाविद्यालयाची प्रवेश फी भरावयाची होती. एके दुपारी वस्तीवरची एक आजी अंडी विकून आलेले तीनशे चाळीस रुपये देऊन गेली. तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि ते जमा करावयाचे माझ्याकडून राहून गेले. महिनाअखेर बेरीज झाली. आजी म्हणाली, मी दिले. दुकानदार चार लोकांत म्हणाले, "म्हातारे, वही खोटं बोलत नाही." आजीने माझ्याकडे पाहिले. मी वहीकडे पाहिले. तिने पुढे दोन हप्त्यांत ते पैसे पुन्हा दिले. त्याच दिवशी संध्याकाळी मला सर्व आठवले होते. काम जाईल आणि 'हुशार पोरगी' हे नाव जाईल, या भीतीने मी गप्प बसले. आमच्या घराण्यात लिहिणारी मी पहिली. माझ्या अक्षराने पहिल्यांदा कोणाचे नुकसान केले असेल तर ते हे.

दीड वर्षाने, जक्कयाची गोष्ट वाचल्यानंतरच्या सुट्टीत, मी शिष्यवृत्तीतले पैसे घेऊन आजीच्या खोपटात गेले. चौपट नव्हते, तेवढेच होते. सर्व सांगितले. ती म्हणाली, "मला ठावं हाय. पैसं म्या दिलं हुतं. पन वहीत नाय म्हनल्याव तुझं लिव्हणं खरं का माझी जीभ खरी?" मी रडू लागले. तिने नोटा मोजून घेतल्या आणि म्हणाली, "रडू नगंस. पैशाचं झालं. पर चार मानसांत मी खोटी पडले, त्याचं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि होतेही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाच्या वेळी, दुकानात गर्दी असताना आम्ही दोघी गेलो. माझा आवाज फुटत नव्हता. दोनदा सांगावे लागले, कारण पहिल्यांदा मागच्या लोकांना ऐकू गेले नाही आणि आजीने "मोठ्यानं बोल" म्हणून कोपराने ढोसले. दुकानदारांनी जुनी वही काढली, पान सापडले. ते बराच वेळ बेरीज पाहत होते. मग गल्ल्यातून तीनशे चाळीस रुपये काढून आजीच्या हातात दिले आणि मला म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललीस?"

आजीने माझ्या नोटा कनवटीतून काढून माझ्या हातात परत ठेवल्या, दुकानदारांच्या तेथे खोवल्या आणि पाव किलो साखर मागितली. त्यांनी सवयीने पेन उचलले तशी ती म्हणाली, "लिवू नगा. रोख हाय."