रेझिनचा रणगाडा

अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) येथें 1994 सालीं स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयांतील सेंचुरियन रणगाडा विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावा. 1965 सालीं पंजाबांत असल उत्तर येथें ह्याच जातीच्या रणगाड्यांनीं पॅटन रणगाड्यांस रोखलें. तोफ वगळून त्याची लांबी सुमारें 25 फूट. 72 पटींनीं लहान केल्यास चार इंचांहून किंचित् अधिक भरते. असा एक नमुना आम्हीं सुटींत कौंडण्यपुरास, वर्धेच्या कांठीं बसून, जोडला.

रेझिनच्या भागांस साच्यांतील तेलकट लेप चिकटलेला असतो. तो साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावा. आम्हीं उतावीळपणें हें टाळलें, आणि चौथ्या दिवशीं बुरजावरील रंग खपलीसारखा निघाला. सर्व पुन्हां करावें लागलें! वांकलेली तोफेची नळी ऊन पाण्यांत धरली असतां सरळ करतां येते. घासतांना भाग ओला ठेवावा, कारण कोरडी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. येथें पालकांनीं जवळ बसावें. प्लॅस्टिक जोडण्याचें सिमेंट येथें निरुपयोगी, सायनोॲक्रिलेट गोंदच हवा. अस्तर वाळल्यावर रंगाचे पातळ हात दोनतीनदां द्यावे.

पट्ट्यांवरील चिखलाकरितां आम्हीं वऱ्हाडची काळी माती वस्त्रगाळ करून लाविली. पंजाबची माती भुरी असते, असें आठवीच्या एका विद्यार्थ्यानें दाखवून दिलें. आम्हीं ती निमूटपणें धुवून काढली.