पहाटेपर्यंत सगळे जगावेत म्हणून

अगं, परीक्षा संपल्या संपल्या 'द डार्क पिक्चर्स'ची मालिका खेळायला घेणार आहेस असं तुझी आई म्हणाली. छान केलंस. ही मालिका करणाऱ्या, इंग्लंडातल्या गिल्डफर्डच्या सुपरमॅसिव्ह गेम्सनं २०१५ मध्ये 'अन्टिल डॉन' काढला, तेव्हापासून तुझा हा मामा त्यांचे खेळ खेळत आलाय. यांत बंदुकीचा नेम फारसा कामाला येत नाही. कोण काय बोललं, कुठलं दार उघडलं, कुणाला एकटं सोडलं, यावर माणसं तरतात किंवा जातात. म्हणून आधीच हाताला काही सवयी लावून घे. काळजी नको, एकही शेवट फोडणार नाही.

१. क्रमानं खेळ : 'मॅन ऑफ मेडन' (२०१९), 'लिटल होप' (२०२०), 'हाउस ऑफ ॲशेस' (२०२१), 'द डेव्हिल इन मी' (२०२२) — गोष्टी स्वतंत्र आहेत, पण प्रत्येकीच्या शेवटी पुढचीची झलक असते, आणि मध्ये मध्ये येऊन बोलणारा सूत्रधार, तो क्युरेटर, क्रमानंच मनात भरतो.

२. आधी सेटिंगमध्ये जा. सबटायटल चालू कर, आणि घाईघाईत दाबायच्या बटणांची वेळ पुरत नसेल तर तीही सैल कर — तू गोष्टीसाठी बसली आहेस, अंगठ्याच्या शर्यतीसाठी नाही.

३. पहिल्या फेरीत कुणी मेलं तर मेलं. खेळ बंद करून मागे पळू नकोस — निर्णय तिथल्या तिथे आपोआप सेव्ह होतात, पळून हाती काही लागत नाही. आणि त्याहून मोठं कारण असं, की लिहिणाऱ्यांनी त्या माणसाच्या नसण्याचीसुद्धा गोष्ट लिहिलेली असते. पुढच्या प्रसंगात त्याची वाक्यं गळतात, त्याच्या जागी दुसरं कुणीतरी दार धरून उभं राहतं, मागे राहिलेल्यांचा आवाज बदलतो. सगळ्यांना वाचवलंस तर हे तुला कधीच दिसणार नाही. गेलेल्यासाठी रडावं, सेव्हसाठी नाही, असं मी म्हणतो.

४. भिंतीवरची चित्रं बघितल्याशिवाय खोली सोडू नकोस — त्यांत पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीचा एक क्षण दिसतो, आणि 'घडू शकणाऱ्या' म्हणजे घडणारच असं नाही. 'अन्टिल डॉन'मध्ये हेच काम वाटेत सापडणारे कोरीव टोटेम करतात. काळा, तो ज्याला सापडतो त्याच्या मरणाचा, तपकिरी सोबत्याच्या मरणाचा, लाल धोक्याचा, पिवळा वाट दाखवणारा, पांढरा भाग्याचा. टोटेम हातात नीट फिरवून बघ — नुसता उचलला तर काही दिसत नाही.

५. बोलताना हृदय आणि डोकं असे दोन पर्याय येतात. तिसरा लिहिलेला नसतो, तो म्हणजे गप्प बसणं — वेळ संपू दिली की मौनही उत्तर धरलं जातं, आणि भांडणात बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं. तुला हे जड जाणार, माहितेय मला.

६. हातात शस्त्र आलं म्हणून ते चालवायलाच हवं असं नाही. 'अन्टिल डॉन'मध्ये सुरुवातीलाच नेमबाजी करताना समोर एक खार येते. ती मारलीस की थोड्या वेळात एक पक्षी सॅम या सोबतिणीच्या अंगावर येतो. खारीवर नेम, सोबत्याला जखम. 'मॅन ऑफ मेडन'च्या जहाजावर चाकू हाती येईल तेव्हा ही खार आठव — एवढंच सांगतो, जास्त सांगितलं तर मजा जाईल.

७. लपताना हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात, त्यावर बटण दाबायचं असतं. भजनात टाळ वाजवताना धरतेस तसा ठेका धर आणि पुढच्या ठोक्याची वाट बघ — चुकतं ते उशिरानं कमी, घाईनं जास्त.

८. 'अन्टिल डॉन'मध्ये 'हलू नकोस' असं येतं तेव्हा कंट्रोलर खरोखरच हलता कामा नये, तो हालचाल ओळखतो. कोपर मांडीवर टेकव, श्वास सोडून थांब, आणि मोबाइल आधीच दुसऱ्या खोलीत ठेव — अंगाखाली थरथरलेला फोन एकाचा जीव घेऊ शकतो.

९. 'लिटल होप'मध्ये मधून मधून पात्रांचं पान उघडून बघ. कुणाच्या स्वभावावर कुलूप दिसलं तर त्याला त्याच त्या पद्धतीनं वागवणं थांबव — ही कुलूपं शोभेची नाहीत.

१०. 'हाउस ऑफ ॲशेस' २००३ च्या इराकमध्ये घडतो, जमिनीखाली गाडल्या गेलेल्या अक्कडी मंदिरात. तिथे अमेरिकी सैनिकांसोबत सलीम नावाचा इराकी अधिकारीही तुझ्या हाती येतो. वर दोघांच्या सैन्यांचं युद्ध असेल, पण खाली त्याच्याशी नीट बोल — मला विचारशील तर साऱ्या मालिकेतलं सर्वात मोलाचं नातं त्या अंधारात जुळतं, आणि ते पहिल्या काही वाक्यांतच जुळतं किंवा तुटतं.

११. 'द डेव्हिल इन मी'त प्रत्येकाकडे स्वतःची वस्तू असते : एरिनचा माइक भिंतीपलीकडचं ऐकतो, चार्लीचं व्हिजिटिंग कार्ड बंद ड्रॉवर उघडतं. नवीन पात्र हाती आलं की आधी त्याच्याजवळ काय आहे ते बघ — एच. एच. होम्स या शिकागोच्या खुन्याच्या घराची नक्कल केलेलं ते हॉटेल आहे, तिथे रिकाम्या हातानं फिरणं परवडत नाही.

१२. भावंडं जमली तर 'मूव्ही नाइट' लाव. पाच जणांपर्यंत पात्रं वाटून घेता येतात आणि कंट्रोलर हातोहात फिरतो. दोन नियम घाल : ज्याचं पात्र त्याचाच निर्णय, आणि बाकीच्यांनी ओरडून उत्तर सुचवायचं नाही — नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचीच गोष्ट होते. धाकट्या दोघांना मात्र आधी झोपव, हे खेळ मोठ्यांसाठीच आहेत आणि त्यांतली मरणं तशीच दाखवलेली आहेत.

१३. पहिली फेरी संपली की 'क्युरेटर्स कट' खेळ — तीच गोष्ट, पण आधी जी पात्रं तुझ्या हाती नव्हती त्यांच्या बाजूनं. 'याला त्या वेळी काय झालं होतं?' असं तू दहादा विचारशील, त्यातल्या बऱ्याचशाचं उत्तर तिथे मिळतं.

१४. मग त्यांचाच 'द क्वारी' (२०२२) घे. तो एकदा पूर्ण केलास की पुढच्या फेरीत तीन मरणं मागे फिरवायची सोय मिळते. तिन्ही पहिल्या अर्ध्यात उधळू नकोस — खरी कापाकापी रात्रीच्या उत्तरार्धात आहे, आणि नऊ जण सांभाळायचेत.